चढावर दुखणारे गुडघे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाइतके जिने जगात दुसरं कोणी चढत नसेल. तुम्ही-आम्ही बटण दाबतो आणि उभ्या उभ्या वर पोचतो. मिस्त्रींना बोलावणं येतं तेच मुळी लिफ्ट बंद पडल्यावर, आणि लिफ्टचं यंत्र असतं गच्चीवरच्या खोलीत. म्हणजे ज्याच्या जिवावर अख्खी इमारत वरखाली करते, तो बिचारा अवजारांची पेटी घेऊन दहा-दहा, बारा-बारा मजले पायी. तीस वर्षं हेच चाललं होतं. त्यामुळे मिस्त्रींच्या पायांबद्दल कोणाच्या मनात कधी शंका आली नाही. नाव खराब होतं ते बाईंच्या गुडघ्यांचं.

बाई म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी. राहायला सहाव्या मजल्यावर आणि दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या चिंचोळ्या खोलीत. चेन बदलायची, पँट आखूड करायची, कोणाचं पोट सुटलं की शिवण उसवून द्यायची आणि वर कापडच आटलं असेल असं म्हणून गिऱ्हाइकाची अब्रू राखायची, हे बाईंचं काम. सकाळपासून पाय शिलाई मशीनच्या पायडलवर. अशा बाईचे गुडघे कामातून गेलेत म्हटल्यावर कोणीही म्हणेल की साहजिकच आहे. आणि तसंच म्हणत आले होते सगळे, एकोणतीस वर्षं.

त्या गुडघ्यांची कथा मिस्त्रींच्या कामावर, नातेवाइकांत, शेजारीपाजारी सगळ्यांना पाठ होती. लग्नाला आठच दिवस झाले होते. कामावरच्या दोस्तांनी नव्या जोडप्याला किल्ल्यावर न्यायचा घाट घातला. पायथ्याला चहाची टपरी, मग झाडीतली वाट, मग पहिला दरवाजा आणि दरवाजातून बाहेर पडलं की कातळात खोदलेल्या पायऱ्या. दरवाजापर्यंत सगळं हसतखेळत झालं. तिथे नवरीचे गुडघे गेले. ती पायरीवर बसली ती उठेचना. दोस्त म्हणाले, वहिनी बसतील सावलीत, तू तरी चल. तर हा पठ्ठ्या म्हणाला, बायकोला सोडून मी एक पायरी चढणार नाही. झालं. तेव्हापासून बायकोसाठी किल्ला सोडणारा माणूस म्हणून मिस्त्री जे गाजले ते गाजलेच. कंपनीत कोणाचं लग्न ठरलं की त्याला ही कथा ऐकवायची रीतच पडली. पुढे पुढे तर मिस्त्रींनी बाईंना पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं, असंही ऐकू येऊ लागलं. मिस्त्रींनी तसं कधी सांगितलं नव्हतं. पण कधी नाकारलंही नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवलं पाहिजे.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्या दिवशी बसले ते मिस्त्री. दरवाजातून बाहेर पडले, उजवीकडे बघितलं आणि उजवीकडे काहीच नव्हतं. ना कठडा, ना भिंत, नुसती दरी. आता लिफ्टच्या विहिरीत बारा मजल्यांची खोली पायाखाली असली तरी मिस्त्री शीळ घालत काम करत, कारण तिथे चारही बाजूंना भिंत असते आणि नजर त्या भिंतीवर. उघड्यावर मात्र त्यांना दुसरा मजलाही पुरे. घरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला ते कधी गेले नाहीत, आणि गच्चीवरून यंत्राच्या खोलीकडे जाताना बुटांच्या टोकांवरून नजर हलवत नसत. त्या पायरीवर त्यांचे पाय लटपटले आणि ते मटकन खाली बसले. मागून दोस्तांचा गलका जवळ येत होता. आठ दिवसांच्या नवरीने नवऱ्याच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे एकदा बघितलं. मग ती शेजारी बसली, स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी धरला, आणि दोस्तमंडळी आल्यावर म्हणाली की माझे गुडघे गेले, तुम्ही व्हा पुढे.

त्यानंतर या विषयावर नवराबायको एक अक्षर बोलले नाहीत. मिस्त्रींना वाटलं होतं, एका दिवसाची सोय आहे. ती एकोणतीस वर्षं पुरली.

आणि आता लेकीचं लग्न ठरलं.

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिने निवडलेला मुलगा फिजिओथेरपिस्ट, म्हणजे लोकांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या पाठी सोडवणारा. शांत, हसतमुख, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा. मिस्त्रींना तो मनापासून आवडला होता. पण त्याला एक खोड होती. सुट्टी मिळाली की तो किल्ले चढायचा. किल्ल्याचं नाव काढलं की हा इतका शहाणा मुलगा बुरूज, दरवाजे आणि पाण्याची टाकी यांवर तासभर बोलायचा, आणि समोरच्याला जांभई आली तर त्याला दम लागलाय असं समजायचा.

एका रविवारी दुपारी चहाला आले असताना या होणाऱ्या जावयांनी बेत मांडला. काका-काकूंची किल्ल्याची कथा त्यांनी लेकीकडून ऐकली होती आणि त्यांना ती फार भावली होती. तेव्हा लग्नाआधी आपण चौघांनी मिळून त्याच किल्ल्यावर जायचं, काका-काकू जिथून मागे फिरले तिथून पुढे. लेक तर आधीच तयार होती. बाई हातातली बशी पुसता पुसता थांबल्या, आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की बघणाऱ्याला कळावं. मिस्त्री बघत नव्हते. ते चहाच्या कपात बघत होते.

सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. बायकोसाठी किल्ला सोडणारा माणूस बायकोसोबत किल्ला चढायला नाही कसा म्हणेल? तेव्हा मिस्त्रींनी अनुभवी माणूस करतो तेच केलं. त्यांनी बेत स्वतःच्या ताब्यात घेतला. सगळी आखणी माझ्याकडे, म्हणाले. एखादं काम होऊ द्यायचं नसेल तर ते आपणच अंगावर घ्यायचं, एवढं तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

कामावरची एक कोरी नोंदवही त्यांनी या कारणी लावली. त्या वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेले असतात, तक्रार, कारण आणि दुरुस्ती. मिस्त्रींचा हात सवयीने चालला. तक्रारीखाली त्यांनी लिहिलं, किल्ला अर्धा राहिला. कारणाखाली लिहिलं, हिचे गुडघे. दुरुस्तीचा रकाना कोरा ठेवला आणि मग पान उलटून खऱ्या कामाला लागले, म्हणजे बेताला फाटे फोडायला.

पहिल्या बैठकीत त्यांनी वजनकाटा आणून मधोमध ठेवला आणि चौघांना पिशव्यांसकट त्यावर उभं केलं. एकूण भार दोनशे ब्याण्णव किलो. हा भार पेलायला ती वाट लायक आहे असं कोणी लिहून दिलंय का, असं त्यांनी जावयांना विचारलं. जावई नम्रपणे म्हणाले की काका, त्या पायऱ्यांवरून तोफा चढवल्यात. मिस्त्रींनी विचारलं, चढवल्यात ते ठीक, पण शेवटची तपासणी कधी झाली? लेक स्वयंपाकघरात जाऊन हसून आली.

दुसऱ्या बैठकीत पायऱ्यांचा हिशेब निघाला. नऊशे छत्तीस पायऱ्या, मजल्याला अठरा धरल्या तर बावन्न मजले. बावन्न मजले आणि लिफ्ट नाही, असं मिस्त्री अशा सुरात म्हणाले की जणू बांधणाऱ्याला समोर उभं करून जाब विचारतायत. जावई म्हणाले, काका, एवढे तर तुम्ही दोन दिवसांत चढता. मग मिस्त्रींनी वरच्या टाक्यातलं पाणी काढलं, म्हणजे विषय काढला. टाकं शेवटचं कधी धुतलं होतं? जावई म्हणाले, पाणी आपण बरोबर नेऊ. मग मिस्त्री म्हणाले, लिफ्टला नेहमी दोन ब्रेक असतात, एक निकामी झाला तर दुसरा. तशी उतरायला दुसरी वाट हवी. नसेल तर नियमात बसत नाही. पुढच्या रविवारी जावई उत्तरेकडच्या दुसऱ्या वाटेचा नकाशा हाताने काढून घेऊन आले, त्यावर विसाव्याच्या जागांसाठी छोटी झाडंसुद्धा काढली होती. एवढा सालस जावई मिळाल्याचं दुःख दुसऱ्या कुठल्या सासऱ्याला झालं नसेल.

शेवटी हुकमाचा पत्ता टाकायची वेळ आली. वही मिटून, उसासा टाकून मिस्त्री म्हणाले की सगळं जमेल हो, माझं काही नाही, पण हिचे गुडघे.

हा पत्ता आजवर कधी फुकट गेला नव्हता. पण आजवर समोर फिजिओथेरपिस्टही कधी बसला नव्हता. जावयांचा चेहरा उजळला. म्हणाले, मग एवढे दिवस मला सांगितलं का नाहीत, माझं तर कामच ते आहे.

तपासणी दुकानातच झाली. बाई स्टुलावर, आजूबाजूला चेनांचे गुंडे आणि आखूड व्हायला आलेल्या पँटी, समोर जावई फरशीवर मांडी घालून. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, आडवा हलवला, वाटी दाबून बघितली, बाईंना उठायला लावलं, बसायला लावलं, एका पायावर उभं केलं. मिस्त्री दारात उभे होते, जीव मुठीत धरून. प्रत्येक हालचालीनंतर जावयांच्या कपाळावर एक आठी वाढत होती. शेवटी ते म्हणाले की काकू, पंचविशीतल्या मुलींचेही इतके धडधाकट गुडघे मी बघितले नाहीत, तुम्हाला नेमकं दुखतं तरी कधी?

बाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मिस्त्रींचं तोंड तसंच झालं होतं, त्या पायरीवर झालं होतं तसं.

"चढावर," बाई म्हणाल्या. "तेही मोकळ्या हवेत."

जावयांनी ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवून घेतलं. पुढचे चार दिवस बिचाऱ्याने जाडजाड पुस्तकं चाळली, आपल्या मोठ्या सरांना विचारलं, सरांनी त्यांच्या सरांना विचारलं. मोकळ्या हवेत चढावर दुखणारा आणि खोलीत न दुखणारा गुडघा कोणाच्या पाहण्यात नव्हता. लेक सांगत होती की त्याचं जेवणात लक्ष नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लेक दुकानात आली आणि निर्णय सांगून मोकळी झाली. ज्या दुखण्याचं कारण सापडत नाही त्याच्याशी खेळ नको. आईला पायथ्याशी टपरीवर बसवायचं, वाचायला काहीतरी द्यायचं, आणि बाबांना घेऊन आम्ही दोघं वर जाऊन येऊ. बाबांनी एकदा आईसाठी किल्ला सोडला, आता परत सोडायला लावायचा म्हणजे अन्याय होतो, असंही ती म्हणाली. बोलताना तिने बाबांच्या दंडाला प्रेमाने धरलं होतं.

मिस्त्रींच्या पायाखालची फरशी सरकली. स्वतःच्या हातांनी घातलेला खोडा फिरून स्वतःच्याच पायात आला होता. वर जायचं होतं ते त्यांनी, त्या पायऱ्यांवर, होणाऱ्या जावयाच्या डोळ्यांदेखत. आता कुठलं कारण काढायचं, रक्तदाब की पाठ, याचा त्यांनी झरझर विचार सुरू केला. बाई म्हणाल्या, बरं. एवढंच. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि मशीन चालू केली.

मिस्त्री दरवाजातून बाहेर पडले आणि जिन्यापाशी थबकले. यंत्राचा आवाज त्यांना फसवू शकत नसे, मग ते लिफ्टचं असो की शिलाईचं. सुईखाली कापड असलं की मशीनचा आवाज दबका येतो. हा आवाज कोरडा होता, दात दातांवर आपटल्यासारखा. बाई रिकामी मशीन चालवत होत्या. लेक गेली, गिऱ्हाईक येऊन गेलं, तरी मधूनमधून ती तशीच चालत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री कामावरून लवकर परतले तेव्हा इमारतीच्या वॉचमनने त्यांना गाठलं. त्याला चिडवायची हुक्की आली होती. म्हणाला, मिस्त्री, बाकी काही म्हणा, तुमच्या लिफ्टवर तुमच्या घरातल्यांचाच भरवसा नाही. मिस्त्रींनी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाला, म्हणजे महिनाभर बघतोय, बाई रोज दुपारी दुकानाला कुलूप घालतात, चिंध्यांनी भरलेली एक पिशवी पाठीला लावतात आणि जिन्याने पार बाराव्या मजल्यापर्यंत जाऊन येतात. एकदा नाही, दोनदा. मी विचारलं तर म्हणाल्या, सवय करतेय, कुठेतरी जायचंय.

वॉचमन स्वतःहून पुढे म्हणाला, "आज मात्र गेल्या नाहीत."

मिस्त्री त्या दिवशी लिफ्टने गेले नाहीत. सहा मजले जिन्याने चढले, हळूहळू, आणि प्रत्येक वळणावर त्यांना त्या पिशवीची आठवण होत राहिली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. आजवर त्यांनी समजूत करून घेतली होती की त्या एका खोट्याने कोणाचं काही बिघडलं नाही, गुडघे तर नुसते नावाला बदनाम झाले. त्या बाईला एवढी वर्षं वर जायचं होतं, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. म्हणजे आलं असतं, पण त्यांनी येऊ दिलं नव्हतं. आता प्रश्न सोपा होता आणि त्याचं उत्तर फार महाग होतं. खरं बोललं तर तीस वर्षांची शान जावयासमोर मातीत. नाही बोललं तर ती टपरीवर, हातात मासिक घेऊन.

शेवटची बैठक रविवारी सकाळी होती. चौघं टेबलाभोवती बसले. मिस्त्रींनी वही उघडली आणि नेहमीप्रमाणे खाकरून वाचायला सुरुवात केली. निघायची वेळ. पाण्याच्या बाटल्या, माणशी दोन. मलमपट्टीचा डबा. जावई प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. माणसं या ओळीपाशी मिस्त्री थांबले. पुन्हा खाकरले.

"वर जाणारी माणसं तीन," ते म्हणाले. "तुम्ही दोघं आणि ही. टपरीवर मी थांबणार."

लेक म्हणाली, बाबा, उलट वाचलंत, खाली आई थांबणार आहे, तिचे गुडघे.

"तुझ्या आईच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. कधी झालंच नव्हतं. त्या दिवशी बंद पडलो तो मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, टेबलाच्या कडेकडे बघत. दरीचं सांगितलं, पाय कसे लटपटले ते सांगितलं, हिने गुडघा कसा धरला ते सांगितलं. बाल्कनीचं सांगितलं. पाठुंगळी घेतल्याची गोष्टही खोटी आहे, हे न विचारता सांगितलं. उलट दोस्त वर गेल्यावर झाडी लागेपर्यंत मीच हिच्या खांद्याला धरून, डोळे मिटून उतरलो, म्हणाले.

पहिला मोठा श्वास सोडला तो जावयांनी.

"म्हणजे माझी तपासणी बरोबर होती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर असा काही निवांतपणा आला की बाईंनाही हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जावयांनी समोरचं बिस्किट उचललं. मग आपण चुकीच्या जागी खूश झालो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईने मिस्त्रींना सांगितलं की काका, उंचीची भीती खूप जणांना असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिस्त्री म्हणाले की भीतीची लाज नाही वाटत हो मला.

लेक मात्र हसली नव्हती. ती आईकडे बघत होती. तिला चौथीतली सहल आठवली होती. शाळेने मुलांना आईबाबांसकट त्याच किल्ल्यावर नेलं होतं, आणि बाबांनी शाळेत जाऊन सांगितलं होतं की हिच्या आईचे गुडघे अधू आहेत, आम्हाला जमणार नाही. सगळा वर्ग गेला, ही एकटी घरी राहिली. आणि तो सगळा राग तिने काढला होता आईवर.

"मी तेव्हा महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते," ती म्हणाली. "आई, तू सांगितलं का नाहीस मला?"

"गुडघे माझे होते," बाई म्हणाल्या, "पण सांगायची गोष्ट यांची होती."

मिस्त्रींना वर मान करवेना. ते बाईंना म्हणाले की तू जा, पोरांबरोबर वरपर्यंत जा, सगळं नीट बघून ये, माझ्यासाठी थांबलीस तेवढं बस झालं. बाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही ना काही उचकटल्याचा. तिघं आवाज ऐकत बसले. मिस्त्रींना वाटलं, ही आता बाहेर येते ती बॅग भरूनच.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक टोपी होती.

टोपी म्हणजे काय प्रकार होता तो. कपाळावर साधी गोल, पण दोन्ही बाजूंना कानशिलापासून पुढे आलेली हातभर रुंद वाटावीत अशी झापडं. आत बकरम घालून ती ताठ केलेली, कडेला दुहेरी शिवण, हनुवटीखाली बांधायला नाडी. घोड्याला घालतात ना, तसली. घातली की समोरचं दिसावं आणि आजूबाजूचं जग दिसू नये. कापड निळ्या चौकटीचं होतं, घडीवर विटलेलं, आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला.

लेकीने हात पुढे करून कापड चाचपलं. "हा माझा चौथीचा युनिफॉर्म आहे," ती म्हणाली.

"उरलेल्या कापडातली आहे," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींना समजायला जरा वेळ लागला. चौथीची सहल. म्हणजे सतरा वर्षं. म्हणजे ते शाळेत जाऊन गुडघ्यांचं रडगाणं गात होते तेव्हा ही खाली दुकानात बसून त्यांना वर न्यायची तयारी करत होती. तिने तेव्हाच त्यांची भीती मोजली होती, कापली होती, शिवली होती आणि कोणाला काही न बोलता ट्रंकेत ठेवून दिली होती. तेव्हाच का नाही दिलीस, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

"दिली असती तर पोरीने विचारलं असतं, ही टोपी कशाला."

एवढं बोलून बाईंनी ती त्यांच्या डोक्यावर चढवली, मागून खेचून नीट बसवली आणि गिऱ्हाइकाला फिरवतात तसं त्यांना खांद्याला धरून उजेडाकडे फिरवलं. मागे सरून बघितलं. बरोबर बसली होती. इतक्या वर्षांत डोकं काही वाढलेलं नाही, असा शेरा त्यांनी मारला, आणि आता लेकही हसली, डोळे पुसत हसली. मिस्त्रींना रडू आलं होतं. झापडांमुळे ते लेक-जावयांना दिसलं नाही. समोर उभ्या असलेल्या बाईंना तेवढं दिसलं.

"दरीच्या बाजूने मी चालेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही भिंत बघा. नाहीतरी तीस वर्षं तेच करताय."

मिस्त्रींनी टोपी काढली नाही. तशाच अवतारात त्यांनी वही पुढे ओढली, वर जाणाऱ्या माणसांचे तीन खोडून चार केले आणि मग पानं मागे उलटत पहिल्या पानावर आले. तक्रार होती तशीच राहू दिली. कारणाच्या रकान्यातले हिचे गुडघे त्यांनी दोन रेघा मारून खोडले आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, मिस्त्री. दुरुस्तीच्या कोऱ्या रकान्यापाशी पेन घुटमळलं. बाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि लिहिलं, टोपी.